दिव्याचा सूर्य आणि वैशाखातली दुपार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते चित्रकलेचे शिक्षक होते, म्हणून यंदा चित्रातल्या प्रकाशावर बोलावे असे ठरले. मी एकच अट घातली. युरोपातल्या रोमँटिक निसर्गचित्रकारांबद्दल बोलेन, त्यांच्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. पण मुक्काम जळगाव जिल्ह्यातच करीन. तो मुक्काम म्हणजे चाळीसगाव स्टेशनजवळचे एक घर. घराच्या मालकाने त्याला 'रेम्ब्रां रिट्रीट' असे नाव दिले होते. मालकाचे नाव केकी मूस.

जन्म मुंबईचा, २ ऑक्टोबर १९१२ चा. पारशी घर, आईवडिलांचे दुकान चाळीसगावात. इंग्लंडात व्यापारी कलेचे शिक्षण घेऊन हा तरुण तिसाच्या दशकाच्या शेवटी परत आला तो मुंबईत थांबला नाही, चाळीसगावला गेला, आणि ३१ डिसेंबर १९८९ ला मृत्यू येईपर्यंत जवळजवळ सारे आयुष्य त्या घराच्या आतच राहिला. चित्रे काढली, लाकूड कोरले, कागदाच्या घड्या घातल्या, आणि मुख्य म्हणजे छायाचित्रे काढली. देशोदेशीच्या स्पर्धांत त्यांना बक्षिसे मिळाली. आज ते घर कलादालन आहे.

मूस म्हटले की पुढचे वाक्य काय येते हे या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. ती प्रेयसी, ती रेल्वेगाडी, ती उघडी ठेवलेली दारे. ती गोष्ट मी सांगणार नाही. खानदेशची ही एक खोडच आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात हयात घालवणारा मेजर रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला आणि भुसावळला त्याची कबर आहे. पण त्याच्याबद्दल विचारा, लोक पारोवरच्या त्याच्या प्रेमाची कथा सांगतात. ना. धों. महानोरांचे 'अजिंठा' हे दीर्घकाव्य त्या कथेवर, २०१२ चा चित्रपटही तिच्यावरच. काव्य म्हणून मला ते प्रिय आहे. पण गिलने काय केले, मूसांनी काय केले, हे विचारायला कोणी उरत नाही. कलावंत प्रेमात पडला होता एवढ्यावर त्याचे काम पाहून झाले, असे आपण धरून चालतो.

तर काम पाहू. मूसांची ख्याती आहे ती टेबलटॉप छायाचित्रांसाठी. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, त्यांतून देखावा उभा करायचा, त्यावर दिवा टाकायचा आणि कॅमेऱ्याने असा टिपायचा की बघणाऱ्याला मैलभर पसरलेला मुलूख दिसावा. मूसांच्या या चित्रांत बर्फाळ हिवाळासुद्धा आहे. चाळीसगावात बर्फ पाहायचे तर उसाच्या रसवंतीवर! आणि इथे एक माणूस दार लावून, तिथल्या उकाड्यात, उत्तरेकडचा हिवाळा मांडतो आहे.

हा नुसता हातचलाखीचा खेळ आहे का? मीठ सांडले, कापूस पसरला, वाळकी काडी रोवली, झाले झाड? ज्याला असे वाटते त्याने घरी एकदा करून पाहावे. पहिली अडचण येते ती भिंगाची. कॅमेरा वस्तूच्या इतका जवळ असतो की एक इंच भाग स्पष्ट येतो आणि मागचे-पुढचे सगळे पुसट होते. पुसट झाले की डोळा लगेच ओळखतो, हे खेळणे आहे. म्हणून भिंगाचे तोंड टाचणीच्या भोकाएवढे बारीक करावे लागते, आणि मग पुरेसा प्रकाश आत यायला वेळ द्यावा लागतो. दुसरी अडचण हवेची. खरा डोंगर दूर आहे हे आपल्याला कळते ते मधल्या हवेमुळे. टेबलावर दोन फुटांत हवा ती किती असणार? तिथे तलम कापडाचा पडदा, धूर, वाफ असे काहीतरी मध्ये घालावे लागते. पण खरी परीक्षा घेतो तो दिवा. टेबलावरच्या दिव्याला सूर्य व्हायचे असते, आणि ते त्याला सहजी जमत नाही.

का जमत नाही, हे चाळीसगावच्या पंचक्रोशीतच आठशे-नऊशे वर्षांमागे लिहून ठेवलेले आहे असे म्हटले तर चालेल. पाटणादेवीच्या पायथ्याच्या पाटण गावचा शिलालेख तुम्हाला माहीत असेल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला, त्याचा हा लेख, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला. ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'चा पहिला भाग 'लीलावती', आणि लीलावतीत छायाव्यवहार नावाचे प्रकरण आहे. त्यात उन्हातली सावली आहे तशी दिव्याची सावलीही आहे. नियम साधा: खुंटाची उंची आणि दिव्यापासूनचे अंतर यांचा गुणाकार करा, दिव्याची उंची वजा खुंटाची उंची याने भागा, सावली मिळते.

हा नियम मूसांच्या टेबलावर नेऊन ठेवू. काडीचे झाड दोन इंच उंच. दिवा बावीस इंचांवर. झाड दिव्यापासून वीस इंच दूर असेल तर सावली पडते दोन इंच. तेच झाड चाळीस इंचांवर नेले की सावली चार इंच. म्हणजे एकाच देखाव्यात दोन सारखी झाडे, एकाची सावली दुसऱ्याच्या दुप्पट. उन्हात असे कधी घडते का? सूर्य इतका लांब आहे की धुळ्यातल्या खांबाची आणि पारोळ्यातल्या खांबाची सावली एका वेळी एकसारखीच दिसावी. शिवाय दिव्याच्या सावल्या पंख्यासारख्या फाकतात, उन्हाच्या समांतर राहतात. आणि दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. टेबलाच्या मागच्या कडेचा डोंगर उगाच काळवंडतो. बघणाऱ्याला यातले गणित येत नसते. पण त्याच्या डोळ्याला ते जन्मापासून येते, आणि कुठेतरी काहीतरी लहान आहे, खोटे आहे, हे तो क्षणात ओळखतो.

माझे म्हणणे इथून सुरू होते. चित्रातली भव्यता वस्तूच्या आकारात नसते. ती प्रकाशात असते. किती मोठे, किती दूर, किती उंच, याची सगळी साक्ष प्रकाश देतो. तो साक्षीदार फुटला की हिमालयसुद्धा मिठाचा ढीग होतो, आणि तो ठाम राहिला तर मिठाच्या ढिगापुढे माणूस दबून जातो.

आता जर्मनीत जाऊ. कास्पार डाविड फ्रीडरिख, जन्म १७७४, मृत्यू १८४०. 'धुक्याच्या समुद्रावरचा भटका' हे त्याचे १८१८ च्या सुमाराचे चित्र तुम्ही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर पाहिले असेल: कड्यावर पाठमोरा उभा माणूस, समोर धुके, धुक्यातून वर आलेले सुळके. चित्र आहे केवढे? उंची ९५ सेंटिमीटर, रुंदी ७५. आपल्या दिवाणखान्यातल्या खिडकीपेक्षा लहान. भव्य चित्राला भव्य कापड लागत नाही, हे या माणसाने फार लवकर ओळखले होते.

आणि हे चित्र त्याने कड्यावर बसून काढलेले नाही. सॅक्सनीच्या डोंगरांत हिंडून पेन्सिलीने रेखाटने केली, एका ठिकाणचा खडक, दुसऱ्या ठिकाणचा सुळका, आणि ड्रेस्डेनच्या खोलीत बसून त्यांची जुळणी केली. ती खोली कशी होती हे त्याचा मित्र केर्स्टिंग याने १८११ मध्ये रंगवून ठेवले आहे. उघड्याबोडक्या भिंती. खिडकीचा खालचा अर्धा भाग फळ्यांनी बंद, उजेड फक्त वरून. बाहेरचे झाड, नदी, रस्ता, काहीच दिसू नये अशी व्यवस्था. जगातल्या सर्वांत मोकळ्या, अफाट निसर्गचित्रांचा कर्ता अर्धी खिडकी बंद करून बसलेला आहे. चाळीसगावच्या बंद दाराला लोक विक्षिप्तपणा म्हणतात. मला ती चित्रकाराची जुनी कार्यपद्धती वाटते.

फ्रीडरिखचे 'हिमसमुद्र' हे १८२३-२४ चे चित्र त्याहून बोलके आहे. बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून आभाळाला भिडल्या आहेत आणि बाजूला एक जहाज चिरडले गेले आहे. फ्रीडरिख उत्तर ध्रुवाकडे कधी गेला नाही. ड्रेस्डेनजवळून वाहणाऱ्या एल्बे नदीत हिवाळ्यात साठलेल्या बर्फाच्या तुकड्यांचे त्याने अभ्यास केले आणि ते तुकडे चित्रात शंभरपट केले. टेबलटॉपच की हे! फक्त कॅमेऱ्याच्या जागी कुंचला. हे चित्र त्याच्या हयातीत विकले गेले नाही.

त्याची आणखी एक रीत सांगतो, कारण ती आपल्या चित्रकारांना उपयोगी आहे. 'समुद्रकाठचा भिक्षू' या १८०८ ते १८१० च्या चित्रात वाळूचा पट्टा आहे, काळा समुद्र आहे, उरलेले सगळे आभाळ, आणि इतकासा एक माणूस. रंगाच्या थराखाली पाहणाऱ्या तपासणीत दिसले की त्याने आधी समुद्रावर जहाजे काढली होती. मग पुसली. जहाज असते तर नजरेला टेकायला जागा मिळाली असती, अंतर मोजता आले असते. ती सोय त्याने काढून घेतली. एडमंड बर्कने १७५७ मध्ये उदात्ताचा संबंध भीतीशी जोडला होता, सुरक्षित अंतरावरून अनुभवलेल्या भीतीशी. कांटने १७९० मध्ये तो मोजण्याच्या शक्तीशी जोडला, जिथे डोळ्याची मोजपट्टी संपते तिथे. तत्त्वज्ञानात मी यापुढे जात नाही. फ्रीडरिखने दोन जहाजे पुसून तेच सांगितले आणि थोडक्यात सांगितले.

पण हा प्रकाश त्याला मिळाला कुठून? त्यात त्याची प्रतिभा किती आणि त्याच्या गावाचा अक्षांश किती? हा प्रश्न युरोपीय टीकाकारांना पडत नाही, कारण त्यांना तो प्रकाश रोजचाच. आपल्याला पडायला हवा. ड्रेस्डेन ५१ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५-१६ अंश वर येतो. दिवसभर तिरपे ऊन, लांबलचक सावल्या, प्रत्येक खडकाची एक बाजू उजळ आणि दुसरी अंधारी. संध्याकाळी सूर्य तिरका घसरत जातो, त्यामुळे संधिप्रकाश रेंगाळतो; जूनमध्ये तर तो पाऊण तासाच्या घरात जातो. त्या पाऊण तासात रोमँटिक चित्रकलेचा अर्धा संसार मावला आहे.

आपले जळगाव २१ अंशांवर. डिसेंबरातसुद्धा दुपारी सूर्य ४५ अंशांवर असतो. संध्याकाळी तो जवळजवळ उभा उतरतो, आणि संधिप्रकाश २५ मिनिटांच्या आतबाहेर आटोपतो. रंगपेटी उघडेपर्यंत दिवेलागण. आणि मे महिना? मेच्या शेवटच्या दहा दिवसांत चाळीसगाव, धुळे, जळगाव अशा क्रमाने आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य नेमका डोक्यावर, खांबाची सावली खांबाच्या पायात. असा दुसरा दिवस जुलैत येतो, पण तो ढगांत जातो. सावली नाही म्हणजे चित्रकाराच्या हातातले पहिले हत्यार गेले. वस्तूला उठाव कशाने देणार?

दुसरे हत्यार अंतराचे. दूरचा डोंगर निळा होतो हे लिओनार्दोपासून चित्रकारांना माहीत आहे. हवेतले अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून तो निळा दिसतो. पण वैशाखात आपल्या हवेत जी धूळ असते तिचे कण मोठे. ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून आभाळ निळे न दिसता पांढुरके, कधी मातकट दिसते. यावल-रावेरकडून सातपुडा आश्विनात पाहा: निळा, कडा धारदार, घळी मोजता येतील इतका जवळ. तोच सातपुडा वैशाखात पाहायला जा. तो तिथे नसतो! केळीच्या बागा संपतात आणि पुढे पांढरा उजेड सुरू होतो. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पलीकडे गेलेला असतो.

धुळीने आभाळ बदलते हे युरोपनेही एकदा पाहिले होते. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख-वाफ वातावरणात वर्षा-दोन वर्षांसाठी राहिली. ग्रीसमधल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये जुन्या चित्रांतले सूर्यास्त तपासून दाखवले की मोठ्या उद्रेकांनंतर रंगवलेली आभाळे जास्त लाल आहेत. तिकडे धुळीने संध्याकाळ सजवली. आपल्याकडे ती दर वर्षी दुपार पुसून टाकते.

म्हणून खानदेशला निसर्गाचा कवी मिळाला तो श्रावणाचा मिळाला, याचे मला आश्चर्य वाटत नाही. बालकवी धरणगावचे, जन्म १८९०. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना बालकवी हे नाव मिळाले, आणि १९१८ च्या ५ मे रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. ऐन उन्हाळ्यात. त्यांची हिरवळ, त्यांचे ऊन-पावसाचे खेळ, हे आपल्या मुलखाचे चार महिने आहेत, मवाळ उजेडाचे. उरलेल्या आठ महिन्यांना कवी कमी भेटले आणि चित्रकार त्याहून कमी. मुंबईच्या कलाशाळेत तयार झालेल्या जलरंगकारांची पेटी नाशिकचे घाट, कोकणचे किनारे, सह्याद्रीचा पाऊस यांच्यावर जास्त रमली. ओल्या हवेला जलरंग मानवतात, हेही खरेच.

गिलकडे वळतो, कारण त्याच्यापुढे हीच अडचण होती आणि त्याने तिसराच मार्ग काढला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला १८४० च्या दशकात अजिंठ्याला धाडले. बाहेर वाघूरच्या घळीत डोळे दिपवणारा उजेड आणि आत लेण्यांत अंधार, त्यात भिंतीवरची चित्रे कापडावर उतरायची. वर्षानुवर्षांच्या त्या श्रमातली बहुतेक कापडे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत गेली. तोवर गिलने कॅमेरा हाती घेतलेला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह भारतातल्या लेण्यांवरचे जे पुस्तक निघाले त्यात गिलची ७४ छायाचित्रे आहेत. त्याने दुनेत्री छायाचित्रेही घेतली. एकाच जागेची, किंचित सरकवून घेतलेली दोन चित्रे शेजारी ठेवायची आणि दोन भिंगांतून पाहायची. डोळ्यांपुढे घळ खोल होत जाते, खांब पुढे येतात. सावली नसेल तर नसो, खोली दुसऱ्या वाटेने आणता येते, हे त्याने तळहाताएवढ्या कार्डावर करून दाखवले.

आता मूसांच्या टेबलाकडे पुन्हा पाहा. बाहेर दुपारी सूर्य डोक्यावर, सावली पायात, डोंगर धुळीत विरघळलेले. आत एक दिवा, जो हवा तितका खाली आणता येतो. पंधरा अंशांवर. ड्रेस्डेनच्या डिसेंबरातल्या दुपारी सूर्य जिथे असतो तिथे! घराला नाव रेम्ब्रांचे, म्हणजे बाजूने येणाऱ्या एकाच उजेडाचे. मूसांनी खोलीत काय आणले तर बर्फ नव्हे, अक्षांश आणला. बर्फ हे त्याचे निमित्त. मग दिवा दूर नेऊन सावल्या समांतर करायच्या, मागचा डोंगर काळवंडू द्यायचा नाही, मधल्या दोन फुटांत दहा मैलांची हवा भरायची, आणि भिंग बारीक करून वाट पाहत बसायचे. हे सगळे ज्याला सापडले त्याला खिडकीबाहेर डोकावण्याची गरज वाटली नसेल तर मला ते पटते.

पटते, पण एक तक्रार उरतेच. इंग्लिश चित्रकार टर्नरने १८३० च्या दशकात एका लष्करी अधिकाऱ्याच्या रेखाटनांवरून हिमालयाची चित्रे केली, हिमालय न पाहता. चित्रे देखणी आहेत, पण हिमालयाने टर्नरला काही शिकवले नाही. मूसांची टेबलावरची निसर्गदृश्ये मला तशीच वाटतात. उत्तरेचा प्रकाश त्यांनी इथे आणून दाखवला. इथला प्रकाश मात्र दाराबाहेर उभाच राहिला. आमच्या वैशाखातल्या दुपारीत भव्यता नाही का? नांगरलेले काळे रान, त्यावर थरथरणारी हवा, क्षितिज कुठे आहे ते कळत नाही, रस्त्यावर माणूस नाही. बर्कला हवी ती भीती तिथे पुरेपूर आहे. उन्हाच्या झळेत सापडलेल्याला विचारा. फ्रीडरिखला जहाजे पुसावी लागली. इथे पुसण्याचे काम ऊन स्वतःच करते, सबंध सातपुडा पुसते.

हे रंगवता येईल का? टर्नरचेच एक चित्र आहे, 'रेग्युलस'. १८२८ मध्ये रोममध्ये काढलेले, १८३७ मध्ये पुन्हा हाती घेऊन पांढऱ्या-पिवळ्या रंगाने भरून टाकलेले. रेग्युलस हा रोमन सेनानी; त्याच्या पापण्या कापून त्याला सूर्याकडे पाहायला लावले, अशी कथा आहे. चित्रात तो सापडतही नाही. बंदर, इमारती, माणसे सगळे त्या मधल्या उजेडात विरघळते आहे, जणू पापण्या आपल्याच कापल्या आहेत. रोमँटिक चित्रकलेच्या साऱ्या पसाऱ्यात मला खानदेशच्या जवळचे वाटते ते हे एक चित्र. तिथे भव्यता अंधाराने, धुक्याने, सावलीने येत नाही; उजेड जास्त झाल्याने येते. त्यातही सूर्य खाली आहे. डोक्यावरच्या सूर्याचे, सावली नसलेल्या, पांढऱ्यावर पांढरे चढवत नेलेल्या दुपारचे चित्र अजून काढायचे आहे, आणि ते जळगाव-धुळ्याच्याच माणसाने काढावे. ते काढताना अंतर दाखवायला निळा चालणार नाही. करड्या, पांढऱ्या आणि मातकट छटांतले अगदी बारीक फरक लागतील, आणि खालच्या काळ्या मातीचा एक ठाम पट्टा लागेल.

आज इथे चित्रकला शिक्षक बरेच दिसतात, म्हणून एक सूचना करतो. मुलांना चाळीसगावच्या दालनात न्याल तेव्हा गाडीची गोष्ट जाताना बसमध्ये सांगून टाका. दालनात टेबलटॉपच्या छायाचित्रासमोर उभे करून एवढेच विचारा: दिवा कुठे ठेवला असेल? किती उंच, किती दूर, डावीकडे की उजवीकडे? सावल्या मोजून मुले बरोबर सांगतात. नंतर शाळेत एक टेबल, मीठ, चार काड्या आणि एक दिवा द्या, खोली अंधारी करा, आणि दिवा खाली-वर करायला सांगा. हा तास मे महिन्यात ठेवता आला तर उत्तम. सुट्टीत मुले येत नाहीत हे मला माहीत आहे, पण मामाच्या गावाला न गेलेली दोन-चार असतातच. साडेबाराला त्यांना मैदानात नेऊन स्वतःची सावली शोधायला लावा, आणि तिथेच उभ्या उभ्या कागद द्या.